सूर सच्चा, शब्दांचं काय?

जर्मन भाषेत सोल गाता येत नाही, असं १९९० च्या दशकापर्यंत खुद्द जर्मन लोकच सांगत. गोडगोड चालींची 'श्लागर' गाणी जर्मनमध्ये चालत, रॉक चाले, पुढे रॅपही चालू लागलं. पण सोल म्हटलं की ते इंग्रजीतच शोभतं, अशी गायकांपासून रेकॉर्ड कंपन्यांपर्यंत बहुतेकांची धारणा होती. एडो झांकीसारखा गायक-निर्माता वर्षानुवर्षं त्या वाटेने चालत होता, संगीतकारांत त्याला मानही होता, पण गर्दी त्याच्यामागे गेली नाही. १९९८ साली मानहाईम शहरातल्या एका सव्वीस वर्षांच्या गायकाने हा समज मोडीत काढला. झेवियर नायडू त्याचं नाव. 'निश्त फॉन डीझर वेल्ट', म्हणजे 'या जगातलं नव्हे', हा त्याचा जर्मन भाषेतला पहिला अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

पुढची पंधराएक वर्षं तो जर्मनीतल्या सर्वांत लाडक्या गायकांपैकी एक होता. लग्नात त्याची गाणी, अंत्यविधीत त्याची गाणी, फुटबॉलच्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्येही त्याचीच गाणी. आणि आज त्याचं नाव काढलं की जर्मन घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, असा गळा शतकात एखादाच. दुसरा म्हणतो, त्या गळ्यातून काय काय बाहेर पडलं ते विसरायचं कसं? दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आहे. ज्या गोष्टीने झेवियर नायडूला थोर सोल गायक केलं, तिनेच त्याला गोत्यात आणलं. ती गोष्ट म्हणजे कसलीही शंका मनात न ठेवता बोलायची, गायची त्याची धाटणी.

साक्ष देणारं संगीत

हे समजायचं तर आधी सोल म्हणजे काय ते पाहायला हवं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी चर्चमधलं गॉस्पेल संगीत उचललं आणि त्यात देवाच्या जागी प्रेयसी आणली. रे चार्ल्सने हे उघडपणे केलं तेव्हा धार्मिक मंडळी भडकली. सॅम कुक गॉस्पेलच्या फडातून थेट लोकप्रिय गाण्यांकडे आला. अरिथा फ्रँकलिनचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटमधले नामांकित धर्मोपदेशक. ती त्यांच्या चर्चमध्ये गातच मोठी झाली. डेट्रॉइटमध्येच १९५९ साली मोटाउन कंपनी सुरू झाली आणि हे संगीत जगभर पोचलं.

विषय बदलला तरी गाण्याची रीत चर्चमधलीच राहिली. चर्चमध्ये माणूस उभा राहून आपल्यावर काय गुदरलं आणि देवाने कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगतो. तो साक्ष देत असतो. जमलेले लोक मधूनच हुंकार देतात, प्रतिसाद देतात, आणि बोलणाऱ्याचा आवाज चढत जातो. सोलमध्ये नेमकं हेच घडतं. गायक दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत नाही. हे माझ्यावर बेतलंय, असं तो म्हणतो. ऐकणाऱ्याला ते पटलं नाही तर गाणं कोसळतं. सफाईदार गळा असूनही कित्येक गायक सोलमध्ये फिके पडतात आणि फाटक्या आवाजाचे गायक काळजाला हात घालतात, ते यामुळेच. या संगीतात सच्चेपणा ही चैन नाही, ते भांडवल आहे.

आता भाषेची अडचण. सोलचा गायक एका अक्षरावर पाच-सहा सूर फिरवतो. नाट्यगीत ऐकून तयार झालेल्या मराठी कानाला हे नवं नाही. शब्दाच्या शेवटच्या स्वरावर तान घ्यायची, हरकत घ्यायची, मगच पुढे सरकायचं. पण त्यासाठी शब्दाला मोकळा स्वर लागतो. इंग्रजीतले प्रेमाचे आणि विनवणीचे नेहमीचे शब्द त्या बाबतीत सोयीचे. जर्मन शब्द मात्र बरेचदा व्यंजनांची मोळी बांधून संपतात. शिवाय गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भावनेचा कळस कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो.

नायडूने यावर जो तोडगा काढला तो कान देऊन ऐकण्यासारखा आहे. 'झी झीट मिश निश्त' हे त्याचं १९९९ सालचं गाजलेलं गाणं घ्या. अॅस्टेरिक्सच्या चित्रपटाच्या जर्मन आवृत्तीसाठी ते वापरलं गेलं. 'तिला मी दिसतच नाही' एवढाच त्याचा अर्थ. चार शब्द, चारही 'इ'कारी, आणि शेवटचे दोन श आणि ह यांच्या मधल्या त्या खास जर्मन उच्चारावर येणारे. कागदावर पाहिलं तर गायकाने हात टेकावेत. नायडू पहिले दोन दीर्घ 'ई' ताणतो, त्यांच्यावर सूर खेळवतो आणि पुढची घासट व्यंजनं सुस्काऱ्यासारखी सोडून देतो. भाषेतला जो खडबडीतपणा अडचण वाटत होता, त्याचाच त्याने उसासा केला. त्याचा आवाज चढा, किंचित नाकातला, आणि रडू आवरून बोलणाऱ्या माणसासारखा भरून आलेला. इंग्रजीची नक्कल न करता जर्मन शब्दांच्या अंगभूत वळणानेच सोल गाता येतं, हे पटायला एवढं पुरेसं होतं.

चौकोनांचं शहर

हा आवाज मानहाईममध्ये घडला, हेही योगायोगाचं नाही. ऱ्हाईन आणि नेकार या नद्यांच्या संगमावरचं हे सुमारे तीन लाख वस्तीचं औद्योगिक शहर. शहराचा जुना मध्यभाग बुद्धिबळाच्या पटासारखा आखलेला आहे आणि तिथे रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता म्हणजे चौकोनाचं अक्षर आणि आकडा. कार्ल बेन्झने १८८६ साली आपली मोटारगाडी इथेच रस्त्यावर आणली. नदीपलीकडे लुडविग्जहाफेनला बीएएसएफचा अवाढव्य रासायनिक कारखाना. त्याही आधी, अठराव्या शतकात, इथल्या दरबारी वाद्यवृंदाची कीर्ती युरोपभर होती. हळूहळू चढत जाणारा नाद ही त्या वादकांची खासियत, आणि तरुण मोझार्ट १७७७-७८ च्या सुमारास नोकरीच्या आशेने इथे मुक्काम ठोकून होता. नोकरी काही मिळाली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात आला. मानहाईमभोवती अमेरिकन सैन्याच्या छावण्या उभ्या राहिल्या. सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'बेंजामिन फ्रँकलिन व्हिलेज' नावाची अख्खी वसाहत वसली. शेजारच्या हायडेलबर्गला अमेरिकन लष्कराचं मुख्यालय. या सैनिकांबरोबर त्यांचं नभोवाणी केंद्र एएफएन आलं, क्लब आले, तबकड्या आल्या. कृष्णवर्णीय सैनिकांच्या क्लबांमधून सोल आणि फंक वाजू लागलं, पुढे हिप-हॉप आलं, आणि जर्मन पोरं तिथे घुटमळू लागली. जर्मन हिप-हॉपच्या पहिल्या फळीतला 'अॅडव्हान्स्ड केमिस्ट्री' हा गट हायडेलबर्गचा, हे त्यामुळेच नवलाचं नाही. कामगार म्हणून आलेली इटालियन आणि तुर्की कुटुंबंही याच पट्ट्यात स्थिरावली होती.

झेवियरचा जन्म २ ऑक्टोबर १९७१ चा. वडिलांकडून भारतीय आणि जर्मन वंश, आई दक्षिण आफ्रिकेची. आडनाव वाचताच आपल्याला ते ओळखीचं वाटतं आणि ते बरोबरच आहे. दक्षिण भारतातलं हे आडनाव दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतं. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर मद्रासकडून गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांच्याबरोबर अशी कितीतरी आडनावं समुद्रापार गेली. झेवियरचं घर कॅथलिक. तो लहानपणापासून शाळेच्या आणि चर्चच्या गायकवृंदात गायचा. म्हणजे सोलची जी खरी शाळा, ती त्याला जर्मनीत राहून मिळाली: घरात धर्म, शहरात अमेरिकन संगीत, आणि रंगामुळे वर्गात उठून दिसणारा चेहरा.

स्वयंपाकघरातून मंचाकडे

शाळा संपल्यावर त्याने आचाऱ्याचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडलं. मानहाईमच्या एका क्लबच्या दारावर तो रखवालदार म्हणून उभा राहिला, थोडंफार मॉडेलिंग केलं, संगीतिकांमध्ये भूमिका केल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नशीब काढायला अमेरिकेला गेला. तिथे इंग्रजी गाण्यांचा एक अल्बम निघाला, पण त्याची कुणी दखल घेतली नाही. अमेरिकेत अमेरिकनांसारखं गाणाऱ्यांची काय वाण? तो परत आला.

त्याची गाठ पडली ती फ्रँकफर्टच्या मोझेस पेलहॅमशी. पेलहॅम हा 'र्‍यॉडेलहाईम हार्टराईम प्रोजेक्ट' या रॅप गटाचा म्होरक्या आणि '३पी' या कंपनीचा चालक. नायडू आधी त्याच्या मंडळींमागे कोरसमध्ये उभा राहिला. याच कंपनीत झाब्रिना सेटलूर होती. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेली, भारतीय आईवडिलांची मुलगी, आणि जर्मन विक्रीयादीत पहिला क्रमांक गाठणारी पहिली स्त्री रॅपर. १९९७ साली तिच्याबरोबर नायडूने 'फ्रायझाईन' गायलं, म्हणजे 'मुक्त असणं'. भारतीय रक्ताची दोन जर्मन पोरं, एक रॅप करतेय आणि एक गातोय, असं ते गाणं. लोक विचारू लागले, मधला तो आवाज कुणाचा?

पुढच्याच वर्षी पेलहॅम आणि मार्टिन हास यांच्या निर्मितीत तो पहिला अल्बम आला. संगीताची बैठक हिप-हॉपची, तालाचे ठोके कोरडे आणि संथ, आणि त्यावर हा ओलसर गळा. शब्दांत ठायी ठायी बायबल: उजेडाकडे ने म्हणून केलेली विनवणी, शेवटच्या दिवसाची चाहूल, निवाडा, तारण. प्रेमगीतं आणि प्रार्थना यांच्यात सीमारेषाच नव्हती. तो कुणाला हाक मारतोय, बाईला की देवाला, हे बऱ्याच गाण्यांत ठरवता येत नाही. चर्चला फारसं न जाणाऱ्या जर्मन तरुणांनी हे डोक्यावर घेतलं याचं समीक्षकांना आश्चर्य वाटलं. पण कारण साधं होतं. उपरोध आणि थंड विनोद यांची सवय लागलेल्या पिढीपुढे कुणीतरी पहिल्यांदाच हातचं राखून न ठेवता गात होतं.

यशाबरोबर भांडणंही आली. पेलहॅमशी फाटलं आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलं. नायडूने स्वतःची कंपनी काढली. दरम्यान १९९५ पासून जमलेला 'झ्योने मानहाईम्स', म्हणजे 'मानहाईमचे सुपुत्र', हा डझनभराहून जास्त वादक-गायकांचा गट त्याच्या प्रसिद्धीबरोबर वर आला. २००० साली त्यांचा पहिला अल्बम निघाला त्याचं नाव होतं 'झायन'. ऱ्हाईनकाठच्या कारखान्यांच्या गावाला बायबलमधल्या पवित्र टेकडीची जोड देणारा हा दिमाख तेव्हा लोकांना गोड वाटला. २००२ सालच्या नायडूच्या दुहेरी अल्बमचा अर्धा भाग तर सरळसरळ परमेश्वराला वाहिलेला होता. मानहाईमनेही या प्रसिद्धीचं चीज केलं. २००३ मध्ये तिथे 'पॉपअकाडेमी' ही लोकप्रिय संगीत शिकवणारी सरकारमान्य उच्च शिक्षणसंस्था सुरू झाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोने शहराला 'संगीतनगरी' म्हणून मान दिला.

या काळातली एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवायला हवी, कारण पुढे तिची आठवण बोचते. जून २००० मध्ये डेसाऊ शहरात मोझांबिकमधून आलेल्या आल्बेर्तो आद्रियानो या माणसाला नवनाझी तरुणांनी बेदम मारलं आणि त्यात तो मेला. त्यावर जर्मनीतले कृष्णवर्णीय संगीतकार एकत्र आले. 'ब्रदर्स कीपर्स' या नावाने त्यांनी २००१ साली 'आद्रियानो' हे गाणं काढलं. रॅपर मंडळी एकामागून एक येतात, आणि मध्ये मध्ये जो आवाज सगळं गाणं बांधून ठेवतो तो झेवियर नायडूचा. जर्मनीतल्या वंशद्वेषाविरुद्ध संगीताने जी ठळक पावलं उचलली, त्यात या गाण्याचं नाव आजही घेतलं जातं.

२००६ चा उन्हाळा

कळस आला तो फुटबॉलमुळे. २००५ च्या शरद ऋतूत त्याचं 'डीझर वेग' हे गाणं आलं होतं. वाट बिकट असणार आहे, खडकाळ असणार आहे, तरी चालायचं, असा त्याचा आशय. २००६ च्या विश्वचषकाचं यजमानपद जर्मनीकडे होतं आणि प्रशिक्षक क्लिन्समनच्या संघाकडून कुणाला फारशी आशा नव्हती. संघात घानात जन्मलेला आघाडीवीर गेराल्ड आसामोआ होता; ड्रेसिंग रूममध्ये कोणतं गाणं लावायचं हे त्याच्याकडे असे. सामन्याआधी 'डीझर वेग' वाजायला लागलं, ही बातमी बाहेर फुटली, आणि गाणं अख्ख्या देशाचं झालं. संघ तिसरा आला. ९ जुलैला बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापुढे लाखोंच्या गर्दीसमोर खेळाडूंचा निरोपसमारंभ झाला तेव्हा नायडू तिथे गायला.

त्या उन्हाळ्यात जर्मन लोकांनी कित्येक वर्षांनी संकोच न बाळगता आपला झेंडा खांद्यावर घेतला होता. आणि त्या आनंदाचं गाणं गात होता भारतीय-आफ्रिकी-जर्मन वंशाचा सावळा माणूस. नवी जर्मनी कशी दिसते याचं यापेक्षा बोलकं चित्र शोधून सापडलं नसतं.

टीव्हीने मग त्याला घराघरांत नेलं. 'द व्हॉइस ऑफ जर्मनी'च्या पहिल्या दोन हंगामांत, २०११ आणि २०१२ मध्ये, तो परीक्षकाच्या खुर्चीत होता. २०१४ पासून 'झिंग माइनेन झोंग' हा कार्यक्रम त्याने तीन हंगाम चालवला. दक्षिण आफ्रिकेत चित्रित होणाऱ्या या कार्यक्रमात गायक एकमेकांची गाणी आपापल्या पद्धतीने गातात, आणि ज्याचं गाणं तो समोर बसून ऐकतो. यजमान नायडू हळवा, उदार, दुसऱ्याच्या गाण्याला मनापासून दाद देणारा. प्रेक्षकांना तो आवडला यात नवल नाही.

घसरण

पण पडद्यामागे दुसरंच काही शिजत होतं, आणि ते लपलेलंही नव्हतं. २०११ साली एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात तो म्हणाला की जर्मनी स्वतंत्र नाही, अजूनही व्याप्त देश आहे. हे तत्त्वज्ञान 'राइख्सब्युर्गर' म्हणवणाऱ्या लोकांचं. आजचं प्रजासत्ताक हे खरं राज्यच नाही, जुनं जर्मन साम्राज्य कायद्याने अजून हयात आहे, असं ते मानतात. कुणी कर भरायला नकार देतं, कुणी स्वतःची ओळखपत्रं छापतं. २०१२ मध्ये रॅपर कूल झावासबरोबर केलेल्या अल्बममधल्या एका लपवलेल्या गाण्यावरून गदारोळ झाला. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, जर्मन एकीकरणाच्या दिवशी, तो बर्लिनमध्ये राइख्सब्युर्गर मंडळींच्या जमावापुढे जाऊन बोलला.

यातला विरोधाभास पाहा. ज्या अमेरिकन सैन्याच्या असण्याला तो गुलामगिरीची खूण म्हणत होता, त्याच सैन्याच्या ट्रंकांमधून सोल मानहाईमला आलं होतं. ज्यांना कब्जा करणारी ताकद आणि छुपे हात दिसत होते, त्यांच्यापुढे उभा राहून तो आपल्याच संगीताच्या वंशावळीवर पाणी ओतत होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या युरोव्हिजन स्पर्धेसाठी कुठलीही निवडफेरी न घेता त्याचं नाव जाहीर केलं. असा भडका उडाला की दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच्या बाजूने शंभराहून जास्त कलावंत आणि नामवंतांच्या सह्यांची पानभर जाहिरात एका मोठ्या दैनिकात आली. म्हणजे तेव्हाही त्याला सांभाळून घेणारे पुष्कळ होते. २०१७ मध्ये 'झ्योने मानहाईम्स'चं 'मारिओनेटन', म्हणजे 'कळसूत्री बाहुल्या', हे गाणं आलं. राजकारणी दुसऱ्याच्या दोरीवर नाचतात आणि एक दिवस लोक त्यांना धडा शिकवतील, हा त्याचा सूर. ज्या शहराचं नाव हा गट मिरवत होता, त्या शहराच्या महापौरांनीच, पेटर कुर्त्स यांनी, खुलासा मागितला.

मार्च २०२० मध्ये त्याची एक चित्रफीत फिरू लागली. तिच्यातल्या ओळी परदेशी लोकांविरुद्ध चिथावणी देणाऱ्या होत्या, असं मत उमटलं. आरटीएल वाहिनीने त्याला 'डॉइचलांड झुख्ट डेन झुपरस्टार' या स्पर्धेच्या परीक्षकपदावरून तडकाफडकी दूर केलं. आपण वंशद्वेषी नाही, असं तो म्हणत राहिला. त्याच महिन्यात करोनाने जग बंद पडलं, आणि मग बांध फुटला. साथ थोतांड आहे, मुलांना भुयारांत डांबून छळतात, अशा अमेरिकेतल्या क्यूअॅनन पंथाच्या कहाण्या तो टेलिग्रामवरून पसरवू लागला. एका चित्रफितीत तो खरोखर ढसाढसा रडत होता. पाहणाऱ्याला कळत होतं की हा नाटक करत नाही. आणि अंगावर काटा येत होता तो त्यामुळेच.

कारण हा तोच माणूस होता. 'झी झीट मिश निश्त' गाताना ज्या आवेगाने तो विश्वास ठेवत होता, त्याच आवेगाने आता भुयारांवर विश्वास ठेवत होता. जगाच्या अंताची चाहूल, अंधार आणि उजेड यांची झुंज, मोजक्या जागृतांना कळलेलं सत्य, हा सगळा ऐवज त्याच्या पहिल्या अल्बमपासून होताच. गाण्यात त्याला रूपक म्हणून जागा होती. रूपकाला पुरावा लागत नाही. बातमी म्हणून तेच बोलू लागलं की पुरावा मागायचा असतो, आणि ती सवय सोलच्या शाळेत शिकवली जात नाही. तिथे माणूस किती तळमळतो यावर त्याचा खरेपणा जोखला जातो. नायडूने तळमळीलाच पुरावा मानलं. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनीही तेच केलं.

आणखी एका खटल्याने जर्मन कायद्यात आपली नोंद ठेवली. २०१७ मध्ये अमाडेऊ आंटोनिओ फाउंडेशन या वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या एका महिला वक्त्याने त्याला ज्यूद्वेषी म्हटलं. तो कोर्टात गेला, आणि दोन न्यायालयांनी तिला तसं म्हणायला मनाई केली. २०२१ च्या अखेरीस कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने ती मनाई उठवली. तो ज्यूद्वेषी आहे की नाही याचा निवाडा न्यायालयाने दिला नाही. जो स्वतः सार्वजनिक वादात जोरकस भाषेत उतरतो, त्याने तितकीच जोरकस टीकाही सोसली पाहिजे, आणि असं मत मांडण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे, एवढंच सांगितलं.

दुसरी वाट

सोल गायचं तर हीच किंमत मोजावी लागते, असं मात्र नाही. १९७३ साली बर्लिनमध्ये जन्मलेली जॉय डेनालाने हिचं उदाहरण पुढे ठेवावंसं वाटतं. वडील दक्षिण आफ्रिकेचे, आई जर्मन, सहा भावंडांचं घर. १९९९ साली मॅक्स हेरं याच्या 'फ्रॉइंडेसक्राइस' या गटाबरोबर गायलेल्या 'मिट डीर' या युगुलगीताने ती पुढे आली. २००२ सालचा तिचा 'मामानी' हा अल्बम जर्मन सोलमधला मैलाचा दगड मानतात. त्यात सोवेटोवरच्या गाण्यात ह्यू मासेकेला या दक्षिण आफ्रिकी दिग्गजाचं तुतारीसारखं घुमणारं ट्रंपेट आहे. 'ब्रदर्स कीपर्स'च्या जोडीने निघालेल्या 'सिस्टर्स कीपर्स'मध्येही ती होती. २०२० साली तिचा इंग्रजी अल्बम थेट मोटाउनच्या शिक्क्याखाली आला.

तिचीही गाणी साक्षच देतात. पण ती साक्ष पाहिलेल्या गोष्टींची असते: आत्याचं घर, बर्लिनमधला मोहल्ला, मोडता मोडता सावरलेलं लग्न. ती जगाचा निवाडा करत नाही, स्वतःपुरतं बोलते. नायडूचा आवाज तिच्याहून मोठा पल्ला गाठतो, हे मान्य करूनही म्हणावं लागतं की पायाखालची जमीन तिने सोडली नाही.

माफी आणि पुनरागमन

१९ एप्रिल २०२२ रोजी नायडूने जवळपास तीन मिनिटांची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. पत्नी युक्रेनची असल्याने तिथल्या युद्धाने आपल्याला हादरवलं, आपण कटकारस्थानांच्या कहाण्यांत वाहवत गेलो, चुका झाल्या, लोक दुखावले, त्याबद्दल क्षमा मागतो, असं तो त्यात म्हणाला. वंशद्वेष आणि ज्यूद्वेष यांच्याशी आपलं नातं नाही, हेही सांगितलं. मग तो जवळजवळ गप्प झाला. २०२५ साली त्याने मंचावर परतायचं जाहीर केलं तेव्हा कोलोनच्या लँक्सेस अरेनाची तिकिटं भराभर संपली. चाहत्यांनी माफ केलं होतं, किंवा माफ करण्यासारखं काही घडलं असं त्यांना वाटतच नव्हतं. पीडितांच्या संघटनांना आणि अनेक पत्रकारांना मात्र ती तीन मिनिटं पुरेशी वाटली नाहीत.

त्यांचा आक्षेप रास्त आहे, आणि तो सोलच्याच नियमाने रास्त आहे. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस 'माझ्याकडून काही चुका झाल्या' एवढ्यावर खाली बसत नाही. काय केलं, कुणाचं वाईट केलं, कधी भान आलं, हे तो नाव घेऊन सांगतो. ऐकणाऱ्यांचा हुंकार त्यानंतरच येतो. नायडूच्या गाण्यांत दुःखाचा प्रत्येक कंगोरा नेमका असतो, माफीत मात्र सगळं मोघम राहिलं. कोणत्या चित्रफिती खोट्या होत्या, कोणत्या ओळी मागे घेतल्या, कोणत्या लोकांवर त्यामुळे चिखल उडाला, यातलं काहीच त्याने मोजून सांगितलं नाही.

त्याची जुनी गाणी ऐकावीत की नाही, याचं उत्तर ज्याने त्याने आपल्यापुरतं द्यायचं. 'आद्रियानो' काही पुसलं जात नाही आणि जर्मन भाषेला त्याने मिळवून दिलेली जागाही परत घेता येत नाही. आज तिथले तरुण गायक आपल्या भाषेत सोल गातात तेव्हा कुणी भुवया उंचावत नाही. पण गायकावर भरवसा ठेवायचा तर तो गाण्यापुरता ठेवावा. आवाज भरून आला म्हणून बातमी खरी ठरत नाही. नायडूला आपलं नाव पुन्हा मिळवायचं असेल तर त्यासाठी नवा अल्बम लागणार नाही. लोकांसमोर उभं राहून, एकेक गोष्ट नाव घेऊन सांगणारी एक साक्ष लागेल, आणि ती कशी द्यायची हे त्याच्याइतकं चांगलं जर्मनीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.